आपल्या बाजूचा न्यायाधीश : महंमदअली करीम छागला

दादरा व नगर हवेलीच्या मुक्तिसंग्रामाविषयी आपल्याकडे जे लेखन होते त्यात स्वयंसेवकांच्या पराक्रमाला पहिले स्थान असते, आणि ते योग्यच आहे. २२ जुलै १९५४ रोजी दादरा व २ ऑगस्ट रोजी सिल्वासा मुक्त झाले, हा इतिहास येथील जुन्या मराठी घराघरांतून सांगितला जातो. परंतु त्या ऑगस्टनंतर जवळजवळ सहा वर्षे आपल्या या लहानशा भूभागाचे भवितव्य दूर हेग येथील आंतरराष्ट्रीय न्यायालयात टांगलेले होते, या गोष्टीची आठवण मात्र एखाद्या ओळीत उरकली जाते. त्या ओळीत बहुधा एकच नाव असते : न्यायमूर्ती छागला. ‘छागलांनी आपली बाजू राखली’ असे म्हटले जाते आणि विषय संपतो.

हे विधान खोटे नाही. मात्र न्यायाधीशाच्या बाबतीत ‘त्याने आपली बाजू राखली’ हे कौतुक मानावे की आक्षेप, हा प्रश्न आपण क्वचितच स्वतःला विचारतो. राजकारणातून न्यायासनावर आलेला आणि न्यायासनावरून पुन्हा राजकारणात गेलेला हा पुरुष होता. अशा माणसाचे मूल्यमापन करताना त्याने कोणाला साहाय्य केले एवढे पाहून भागत नाही. झगा अंगावर असताना त्याने कोणाचे ऐकले, हे पाहावे लागते. तसे पाहण्याचा प्रयत्न आम्ही येथे करणार आहोत.

मुंबई इलाख्यात सार्वजनिक जीवनातून न्यायासनावर जाणे ही काही नवलाची गोष्ट नव्हती. काँग्रेसच्या स्थापनेत भाग घेणारे काशिनाथ त्र्यंबक तेलंग १८८९ साली उच्च न्यायालयाचे न्यायाधीश झाले. १८८७ च्या मद्रास काँग्रेसचे अध्यक्ष बद्रुद्दिन तय्यबजी १८९५ साली, तर १९०० च्या लाहोर काँग्रेसचे अध्यक्ष नारायण गणेश चंदावरकर त्यापाठोपाठ १९०१ साली त्याच न्यायालयात गेले. तेव्हा वकिली, सुधारणा आणि राजकारण ही एकाच वर्गाची तीन कामे होती. छागला हे त्याच परंपरेतले, पण अधिक कठीण काळातले.

३० सप्टेंबर १९०० रोजी मुंबईत एका इस्माइली खोजा व्यापारी कुटुंबात त्यांचा जन्म झाला. सेंट झेवियर्स महाविद्यालयातून ते ऑक्सफर्डला गेले, तेथे आधुनिक इतिहास शिकले आणि १९२२ साली बॅरिस्टर होऊन परतले. मुंबईत त्यांनी महंमदअली जिना यांच्या हाताखाली वकिलीची उमेदवारी केली. त्या काळचे जिना हे हिंदु-मुस्लिम ऐक्याचे पुरस्कर्ते म्हणून ओळखले जात, आणि मुस्लिम लीगच्या कामात छागला त्यांच्याबरोबर होते. १९२८ साली नेहरू अहवालाचा प्रश्न उभा राहिला तेव्हा दोघांची वाट वेगळी झाली. छागलांनी अहवालाला पाठिंबा दिला, जिनांनी तो नाकारला. ज्याच्या कार्यालयात आपण धंदा शिकलो, ज्याच्यामुळे आपले नाव चार लोकांत झाले, त्याच्याशी अठ्ठाविसाव्या वर्षी तत्त्वासाठी फारकत घेणे ही लहान गोष्ट नव्हे. पुढे राष्ट्रवादी मुस्लिमांच्या राजकारणात त्यांनी भाग घेतला, पण लीगच्या वाढत्या प्रभावापुढे त्या राजकारणाला जागा उरली नाही. १९४१ साली ते मुंबई उच्च न्यायालयाचे न्यायाधीश झाले. राजकारणात हरलेला माणूस न्यायालयात गेला, असे कोणी म्हणेल. आमच्या मते, जमातीच्या नावाने बोलण्याचे ज्याने नाकारले त्याला व्यक्तीचा न्याय करण्याची जागा मिळाली, असे म्हणणे अधिक खरे ठरेल.

स्वातंत्र्यानंतर ते त्या न्यायालयाचे मुख्य न्यायाधीश झाले आणि १९५८ पर्यंत त्या पदावर राहिले. हा त्यांच्या आयुष्याचा सर्वोत्तम कालखंड होय. मुंबई राज्याचा दारूबंदी कायदा हा तत्कालीन सत्ताधाऱ्यांचा, विशेषतः मोरारजी देसाई यांचा, जिव्हाळ्याचा विषय होता. बलसारा खटल्यात १९५० साली छागला आणि गजेंद्रगडकर यांच्या खंडपीठाने त्या कायद्यातील अनेक तरतुदी घटनाबाह्य ठरविल्या. सर्वोच्च न्यायालयाने १९५१ साली त्यांपैकी काही पुन्हा उभ्या केल्या, काही रद्दच राहू दिल्या. राज्यघटना अमलात येऊन वर्षही झाले नव्हते, सरकार लोकप्रिय होते, हेतू नैतिक होता. अशा वेळी ‘हेतू चांगला असला तरी अधिकार तपासावा लागेल’ असे सांगणारा मुख्य न्यायाधीश राज्याला लाभला. ज्यांनी आयुष्य सरकारी कचेरीत काढले आहे त्यांना याचे मोल वेगळे सांगावयास नको. चांगल्या हेतूच्या आदेशाखाली अधिकाराची मर्यादा किती सहज ओलांडली जाते, हे आम्ही लोक जवळून पाहत असतो.

१९५१ साली नरसू अप्पा माळी प्रकरणात याच दोघांनी हिंदूंच्या द्विभार्याप्रतिबंधक कायद्याला वैध ठरविले. व्यक्तिगत कायदे मूलभूत हक्कांच्या कसोटीबाहेर राहतात, हा त्या निकालातील विचार आजही वादाचा आहे, आणि त्यावर झालेली टीका आम्हाला बरीचशी पटते. तरीही त्या निकालात समाजसुधारणेच्या कायद्याला बळ देण्याची दृष्टी होती, हे नाकारता येणार नाही.

मराठी वाचकाला आणखी एक प्रसंग माहीत असावा. ज्या दालनात १९०८ साली लोकमान्य टिळकांना सहा वर्षांची शिक्षा सुनावली गेली, त्या दालनाबाहेर टिळकांचे उद्गार कोरलेला फलक १९५६ साली छागलांच्या हस्ते बसविण्यात आला. त्या वेळी त्यांनी त्या शिक्षेबद्दल न्यायसंस्थेच्या वतीने खंत व्यक्त केली. एका न्यायालयाने आपल्याच जुन्या निवाड्यासमोर असे नम्र होणे दुर्मीळच.

आणि मग १९५८ साल. आयुर्विमा महामंडळाने हरिदास मुंदडा यांच्या कंपन्यांत सुमारे सव्वा कोटी रुपये गुंतविल्याचे प्रकरण फिरोज गांधी यांनी लोकसभेत उघडकीस आणले होते. त्याच्या चौकशीसाठी छागलांचा एकसदस्य आयोग नेमला गेला. चौकशी जाहीर रीतीने, लोकांसमोर झाली. खात्यातील सचिवाच्या कृतीची घटनात्मक जबाबदारी मंत्र्याला टाळता येणार नाही, असा निष्कर्ष निघाला आणि अर्थमंत्री टी. टी. कृष्णम्माचारी यांना राजीनामा द्यावा लागला. पंतप्रधानांच्या निकटच्या मंत्र्याला दोषी धरताना हा न्यायाधीश कचरला नाही.

येथवरचे चरित्र एका सरळ रेषेत जाते. परंतु त्याच वर्षी ती रेषा वळली. छागला हे मोतीलाल सेटलवाड यांच्या अध्यक्षतेखालील विधी आयोगाचे सदस्य होते. न्यायाधीशांनी निवृत्तीनंतर सरकारी पद स्वीकारू नये, कारण त्या आशेने न्यायबुद्धीवर सावट येते, अशी शिफारस त्या आयोगाने १९५८ च्या आपल्या चौदाव्या अहवालात केली. आणि त्याच वर्षी मुख्य न्यायाधीशपद सोडून छागला अमेरिकेतील भारताचे राजदूत झाले. सेटलवाड यांनी पुढे आपल्या आत्मचरित्रात याबद्दल कठोर शब्दांत नापसंती नोंदविली आहे. एका सहीची शाई वाळण्यापूर्वी दुसऱ्या नेमणुकीला होकार देणे, हा आक्षेप साधा नाही. ज्या सरकारच्या अर्थमंत्र्याला त्यांनी घरी पाठविले, त्याच सरकारने त्यांना राजदूत केले, यावरून त्यांचा निर्णय विकत घेतला गेला नव्हता हे तर सिद्ध होते. परंतु न्यायाधीशाचे आचरण स्वच्छ असणे पुरेसे नसते, ते स्वच्छ दिसावेही लागते. त्या दृष्टीने १९५८ चा तो निर्णय त्यांच्या चरित्रातील सर्वांत दुबळी जागा आहे, असे आम्हाला वाटते.

ही दुबळी जागा आपल्याशी कशी संबंधित आहे, हे आता पाहू.

पोर्तुगालने १९ डिसेंबर १९५५ रोजी आंतरराष्ट्रीय न्यायालयाचे अधिकारक्षेत्र मान्य केल्याचे जाहीर केले आणि अवघ्या तीन दिवसांनी, २२ डिसेंबरला, भारताविरुद्ध दावा दाखल केला. दमणहून दादरा व नगर हवेलीला भारताच्या भूमीवरून जाण्याचा आपला हक्क आहे आणि भारताने तो अडविला, अशी त्याची तक्रार होती. न्यायालयाच्या नियमानुसार, ज्या देशाचा स्वतःचा न्यायाधीश पीठावर नसेल त्याला त्या खटल्यापुरता एक न्यायाधीश नेमता येतो. पोर्तुगालने फर्नांडिस यांना नेमले, भारताने छागलांना. २६ नोव्हेंबर १९५७ रोजी भारताचे पहिले चार प्राथमिक आक्षेप फेटाळले गेले आणि उरलेल्या दोहोंचा विचार मूळ खटल्याबरोबर करण्याचे ठरले. त्या वेळी छागला मुंबईचे मुख्य न्यायाधीश होते. परंतु मूळ खटल्याची सुनावणी सप्टेंबर ते नोव्हेंबर १९५९ या काळात झाली, तेव्हा ते वॉशिंग्टन येथे भारताचे राजदूत होते. म्हणजे भारत सरकारचा सेवारत प्रतिनिधी, भारत सरकार ज्यात पक्षकार आहे अशा खटल्यात, न्यायाधीश म्हणून बसला होता. आणि भारताची बाजू मांडणाऱ्या वकिलांचे नेतृत्व महान्यायवादी या नात्याने करीत होते तेच सेटलवाड, ज्यांच्या आयोगाने असल्या नेमणुकांना विरोध केला होता.

१२ एप्रिल १९६० रोजी निकाल लागला. हा निकाल आपल्यापैकी अनेकांनी ‘भारत जिंकला’ एवढाच ऐकलेला असतो. तो नीट वाचावा असा आहे, कारण त्याचा पाया पेशवे दरबाराच्या कागदांत आहे. १७ डिसेंबर १७७९ च्या पुणे येथील तहाने पेशव्यांनी पोर्तुगीजांना दमणच्या बाजूस बारा हजार रुपयांचा महसूल देण्याचे मान्य केले, आणि १७८३ व १७८५ च्या सनदांनी त्यासाठी गावे लावून दिली. पोर्तुगालचे म्हणणे, या कागदांनी सार्वभौमत्व मिळाले. भारताचे म्हणणे, मिळाला तो केवळ सरंजाम, म्हणजे महसूल वसूल करण्याचा अधिकार. न्यायालयाने भारताचे म्हणणे उचलून धरले. मराठ्यांना जेव्हा कायमचे स्वामित्व द्यावयाचे असे तेव्हा ते तसे स्पष्ट शब्द वापरीत, आणि या कागदांत ते शब्द नाहीत, असे त्याने म्हटले. हेगच्या न्यायासनावर बसलेल्या परदेशी विद्वानांनी मराठी राज्यव्यवहारातील ‘सरंजाम’ या शब्दाचा अर्थ शोधावा, ही आपल्या भाषेच्या अभ्यासकांनी लक्षात ठेवण्याजोगी गोष्ट आहे.

मात्र न्यायालय तेथे थांबले नाही. १८१८ नंतर इंग्रजांनी या गावांवरील पोर्तुगीजांचा ताबा प्रत्यक्षात स्वीकारला, स्वतंत्र भारतानेही तो मूकपणे मानला, आणि सव्वाशे वर्षांहून अधिक काळ सामान्य माणसे, मुलकी अधिकारी व सर्वसाधारण माल यांची ये-जा निर्वेध चालली, तेव्हा तेवढ्यापुरता हक्क रूढीने निर्माण झाला, असे अकरा विरुद्ध चार मतांनी ठरले. अशी रूढी केवळ दोन देशांत उद्भवू शकत नाही, हा भारताचा युक्तिवाद न्यायालयाने नाकारला. सैन्य, सशस्त्र पोलीस आणि शस्त्रास्त्रे यांची ये-जा मात्र नेहमी परवानगीने होत आली होती, म्हणून तिचा हक्क नाही, असे आठ विरुद्ध सात मतांनी ठरले. आणि दादरा मुक्त झाल्यावर भोवतालच्या प्रदेशात जो तणाव निर्माण झाला होता तो पाहता भारताने वाट अडविली ती आपल्या नियमनाच्या अधिकारात, कर्तव्यभंग नव्हे, असे नऊ विरुद्ध सहा मतांनी ठरले.

पोर्तुगालला कोणताही हक्क नव्हता असे मानणाऱ्या चौघांत छागला होते. त्यांनी स्वतंत्र भिन्न मतपत्र जोडले. त्यांचा निष्कर्ष भारताच्या वकिलांच्या मागणीशी जुळणारा होता, जसा फर्नांडिस यांचा निष्कर्ष पोर्तुगालच्या बाजूला झुकणारा होता. दोघेही प्रामाणिक असू शकतात. दोघांनीही निःपक्षपातीपणाची तीच प्रतिज्ञा घेतलेली होती. तरीही त्रयस्थ वाचकाला दोघांची मते एकमेकांना छेद देऊन जाताना दिसतात.

यात एक साधे गणित आहे. या दोघांना बाजूला ठेवून मते मोजली तर निकाल दहा विरुद्ध तीन, सात विरुद्ध सहा आणि आठ विरुद्ध पाच असा येतो. तिन्ही मुद्द्यांवर फल तेच. म्हणजे सिल्वासाचे भवितव्य ठरविले ते नॉर्वे, फ्रान्स, चीन, ग्रीस, सोव्हिएत संघ अशा दूरदूरच्या देशांतून आलेल्या, आपल्या गावांची नावेही पूर्वी न ऐकलेल्या न्यायाधीशांनी. परंतु फर्नांडिस बसले असते आणि छागला नसते तर सैन्याच्या वाटेच्या प्रश्नावर सात विरुद्ध सात अशी बरोबरी झाली असती आणि निर्णय अध्यक्षांच्या निर्णायक मतावर गेला असता. तेव्हा छागलांची उपस्थिती निरर्थक नव्हती. एका पारड्यात पोर्तुगालचे वजन पडलेले असताना दुसरे पारडे रिकामे ठेवणे भारताला परवडणारे नव्हते. पण हे वजनाचे काम झाले, विचाराचे नव्हे. आपल्याला वाचविले ते त्या एका मताच्या तोलाने आणि बहुमताच्या युक्तिवादाने, त्यांच्या भिन्न मतपत्रातील युक्तिवादाने नव्हे, असे म्हणणे भाग आहे.

म्हणूनच आमचा निष्कर्ष आपल्याकडील प्रचलित समजुतीहून निराळा आहे. छागलांचे न्यायाधीश म्हणून मोठेपण हेग येथे शोधू नये. ते मुंबईत आहे, जेथे त्यांनी आपल्या नेमणूककर्त्यांच्या आवडत्या कायद्याला कात्री लावली. ते मुंदडा चौकशीत आहे. जेथे त्यांनी आपल्या सरकारला न आवडणारे सांगितले तेथे ते मोठे ठरले, आणि जेथे त्यांचे मत सरकारच्या मागणीशी तंतोतंत जुळले, नेमके तेथे त्यांच्या मताचे वजन सर्वांत कमी राहिले. आपल्याला सोयीचे असले तरी हे मान्य केले पाहिजे.

तुलनेसाठी दुसरे एक उदाहरण जवळच आहे. सासवडचे विठ्ठल महादेव तारकुंडे हे मानवेंद्रनाथ रॉय यांच्या रॅडिकल डेमोक्रॅटिक पक्षाचे सरचिटणीस होते. १९५७ साली, छागला मुख्य न्यायाधीश असतानाच, ते मुंबई उच्च न्यायालयाचे न्यायाधीश झाले. १९६९ साली त्यांनी राजीनामा दिला आणि ते पुन्हा वकिलीकडे वळले. पुढे नागरी हक्कांच्या चळवळीत त्यांनी हयात घालविली, सरकारी पद घेतले नाही. राजकारणातून न्यायासनावर येणाऱ्याला परत जाण्याची वाट सरकारी दालनातूनच जाते असे नाही, हे त्यांच्या चरित्रावरून दिसते.

छागलांना न्याय द्यावयाचा तर त्यांचे उत्तरायुष्यही पाहिले पाहिजे. १९६३ ते १९६६ ते शिक्षणमंत्री होते, त्यानंतर परराष्ट्रमंत्री. सप्टेंबर १९६७ मध्ये विद्यापीठांत प्रादेशिक भाषांचे माध्यम घाईने आणण्याच्या धोरणाला विरोध म्हणून त्यांनी मंत्रिपद सोडले. मातृभाषेतील शिक्षणाविषयी आस्था बाळगणाऱ्या आपल्या मंडळाला त्यांचा हा विचार पटणे कठीण, आम्हालाही तो संपूर्ण पटत नाही. परंतु मराठी, गुजराती, वारली, हिंदी अशा अनेक भाषा एकाच बाजारात ऐकू येणाऱ्या सिल्वासात राहून त्यांना वाटणारी भीती आपण समजू तरी शकतो. मतासाठी परराष्ट्रमंत्रिपद सोडणारे आपल्या राजकारणात किती झाले, हेही विचारले पाहिजे. १९७३ साली ज्येष्ठता डावलून सरन्यायाधीश नेमले गेले तेव्हा त्यांनी जाहीर निषेध केला, आणि आणीबाणीत, पंचाहत्तरीच्या वयात, ते उघडपणे बोलत राहिले. त्याच १९७३ साली प्रसिद्ध झालेल्या ‘रोझेस इन डिसेंबर’ या त्यांच्या आत्मचरित्राला पुष्कळ वाचक लाभले. ९ फेब्रुवारी १९८१ रोजी ते वारले.

१९२८ साली जिनांपासून, १९६७ साली मंत्रिमंडळापासून आणि १९७५ साली सत्तेपासून दूर होताना या माणसाने जे धैर्य दाखविले ते एकाच जातीचे आहे. त्या मापाने मोजले म्हणजे १९५८ चे राजदूतपद आणि राजदूत असतानाची हेगची खुर्ची अधिकच खटकते, कारण तेथे ते आपल्याच मापाला उणे पडले. टीका करावयाची ती याच कारणाने. लहान माणसाकडून अशी अपेक्षा कोणी धरली नसती.

आपल्या प्रदेशाचे ११ ऑगस्ट १९६१ रोजी भारतात विलीनीकरण झाले आणि त्याच वर्षीच्या कायद्याने तो मुंबई उच्च न्यायालयाच्या अधिकारक्षेत्रात आला. २०२० साली दमण व दीवशी एकत्रीकरण झाल्यावरही ते अधिकारक्षेत्र कायम आहे. ज्या न्यायालयाला छागलांनी दहा वर्षे वळण लावले, तेच आज येथील जमिनीच्या, नोकरीच्या आणि हक्कांच्या दाव्यांत आपला शेवटचा नाही तरी सर्वांत जवळचा मोठा आधार आहे. त्या दारात जाणाऱ्या कोणाही वारली शेतकऱ्याला किंवा मराठी शिक्षकाला आपल्या बाजूचा न्यायाधीश नको असतो. त्याला कोणाच्याच बाजूचा नसलेला न्यायाधीश हवा असतो. बलसारा खटल्यातले छागला तसे होते, आणि आपण त्यांचे ऋणी आहोत ते त्या छागलांचे.